सीव्हीचं सातवं पान

मित्रांनो, मी एक जुना सीव्ही आहे. अकरा कागद आणि डाव्या कोपऱ्यात एक पिन, एवढा माझा संसार होता. मी भित्रा आहे हे आधीच सांगून टाकतो. कुणी नुसती कात्री उचलली तरी माझी पाचावर धारण बसते.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी मला घडवलं. पदवी मिळाली तेव्हा मी जेमतेम दोन पानांचा होतो. मग बाईंनी शोधनिबंध लिहिले, परिषदा गाजवल्या, विद्यार्थी घडवले आणि दरवेळी माझ्यात भर घातली. आम्हा सीव्हींची जातच अशी, माणसाचं काम वाढेल तसे आम्ही वाढतो. कॉलेजच्या मुलाखतीत तर मोठमोठ्या प्राध्यापकांनी मला शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं होतं. तेव्हा मी किती फुगलो होतो म्हणून सांगू!

पुढे बाईंचा विभाग बंद पडला. घरी त्या आणि त्यांची म्हातारी आई, दुसरं कमावणारं कुणी नाही. त्यांनी रंगाच्या कारखान्यांत माझ्या छापील प्रती नेऊन दिल्या. कुठूनही साधं उत्तर आलं नाही, प्रती तिथेच रद्दीत गेल्या.

मग त्यांची धाकटी बहीण आली. ती एका कंपनीत माणसं निवडण्याचंच काम करते.

"ताई, अगं कारखान्यात अकरा पानं वाचणार कोण? तिथे रेझ्युमे लागतो. एक पान, फार तर दोन. त्या नोकरीला हवं तेवढंच. सीव्ही म्हणजे तुझं सगळं शिक्षण, संशोधन, अथपासून इतिपर्यंत. तो विद्यापीठात द्यायचा, संशोधन संस्थेत द्यायचा."

"म्हणजे माझं एवढं काम फुकट गेलं?"

"फुकट कशाला जाईल? इथे नको, एवढंच."

तिने संगणकावर माझी फाइल उघडली आणि भराभर पुसायला लागली. मी शेजारीच मेजावर होतो. एकेक वर्ष नाहीसं होताना मी पाहत राहिलो. एक पान उरलं, आणि नवं नाव न देता तिने ते तसंच सेव्ह केलं. अकरा पानांचा आता मी एकटाच उरलो होतो. हे मला कळलं होतं, त्या दोघींना नाही.

त्याच आठवड्यात आईंनी माझी पिन काढली. एका बाजूने कोरे कागद पाहून त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या फळ्यांवर अंथरलं. माझी पानं एकमेकांपासून तुटली. डब्यांखालच्या अंधारात मी जीव मुठीत धरून पडून होतो. सातव्या पानावर तेल सांडलं, तेव्हा आईंनी ते चुरगळून कचऱ्यात टाकलं.

इकडे रेझ्युमेने आपलं काम चोख केलं. बाईंना बोलावणं आलं. कारखान्यातले साहेब म्हणाले, "तुम्ही आमच्या संशोधन केंद्रात शोभाल. तिथली मुलाखत परवा आहे. संपूर्ण सीव्ही तेवढा उद्या पाठवा."

बाईंनी घरी येऊन फाइल उघडली. एकच पान. धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, इथले छापलेले कागद कुठे गेले?"

"ते होय? फळ्यांवर घातले की. का गं, काय झालं?"

डबे भराभर खाली उतरले. दहा पानं सापडली. बाई सांगत गेल्या, धाकटी डोळे पुसत टाइप करत गेली. सातवं पान बाईंनी आठवून आठवून लिहिलं.

"एक काहीतरी राहतंय गं," त्या म्हणाल्या. पण वेळ संपली होती. सीव्ही गेला.

आता मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे, दहा पानांचा. मित्रांनो, मोठ्याचं छोटं जरूर करा, पण मोठं आधी वेगळ्या नावाने जपून ठेवा. दोघांची कामं वेगळी असतात.

आणि एक विनंती. मुलाखत उद्या आहे आणि माझा आवाज बाईंपर्यंत पोहोचत नाही. कुणाला त्या भेटल्या तर राहिलेली ओळ त्यांना सांगा: 'रंगातलं शिसं तपासण्याचं प्रशिक्षण, पहिला क्रमांक.' लवकर सांगा. तेलाचा डाग माझ्या सहाव्या पानावरही पसरतो आहे.