विमलचं मशीन

१९५६ च्या अखेरीस नवं राज्य झालं, भोपाळ राजधानी ठरली आणि इंदरगंजातल्या कचेरीतली बहुतेक माणसं भोपाळला गेली. टाइपिस्ट शामला मात्र मागे राहिली, कारण दौलतगंजात घरी तिची आजारी आई होती. सगळ्यांचं टायपिंग आता तिच्या एकटीवर आलं आणि तिचं उजवं मनगट सुजलं.

हेडक्लार्क शिवाजीराव म्हणाले, "शामलाबाई, इतकी मशीनं रिकामी पडली आहेत. हाताला हलकं वाटेल ते घ्या. आता नाही म्हणणारं आहे कोण?"

ती एकेका टेबलाशी बसून पाहू लागली. एका मशीनची बटणं फार जड होती. दुसरं चांगलं होतं, पण टेबल उंच असल्यामुळे मनगट वाकत होतं. खिडकीजवळच्या मशीनवर बोट नुसतं टेकलं तरी अक्षर उमटत होतं आणि हातही सरळ राहत होता. ते भोपाळला गेलेल्या तिच्या मैत्रिणीचं, विमलचं मशीन होतं. तिथे बसायचं म्हणजे विमल आता परत येणार नाही हे कबूल करायचं, म्हणून शामला बराच वेळ उभीच राहिली. शेवटी बसली.

संध्याकाळी शिवाजीरावांनी जाताना विचारलं, "काही फरक पडला?"

"हो, पुष्कळ. दुखलंच नाही आज."

"चला, बरं झालं," म्हणून ते निघून गेले.

विमल असती तर तिने हात ओढून घेऊन, दाबून पाहिला असता. शामलाने मशीनवर कापड घातलं आणि ती एकटीच घराकडे निघाली.