नंबरामागचं नाव

थोरली रफूवाली. शालीचं भोक असं बुजवायची, की ज्याची शाल त्यालाही जागा सापडू नये. धाकटी डोळ्यांच्या दवाखान्यात, प्रयोगशाळेत. आई गेल्यावर थोरलीनंच तिला डोळ्यांत तेल घालून वाढवलं, हात धरून अक्षरं गिरवून घेतली.

दोन वर्षांपूर्वी थोरलीच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, तेव्हा डोळ्याच्या आतल्या पाण्याचा एक थेंब अभ्यासासाठी घेतला होता. काचबिंदू तिला होताच. त्यात कुणाची नजर लवकर ओसरेल, हे पाण्यातल्या खुणांवरून आधी कळतं का, ते बघायचं होतं. नळ्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर.

आज डॉक्टरांनी सांगितलं, उजव्या डोळ्याची कडेची नजर गेली, परत यायची नाही. डोळ्याचा दाब बरा दिसत होता म्हणून काचबिंदूचं ऑपरेशन न करता औषधावर भागवलं. आता अभ्यास संपला, नंबरांमागची नावं उघडली. थेंबात धोका तेव्हाच दिसत होता. त्यांनी कागद पुढे केला. तपासणाऱ्याची सही धाकटीची.

तिला बिचारीला नाव कुठून कळणार, अशी मनाची समजूत घालत थोरली बाहेर आली. धाकटी बाकावरून उठली आणि सवयीनं तिच्या उजव्या हाताला येऊन चालू लागली.

थोरली जागीच थांबली. दोन वर्षं ही उजवीकडूनच चालत होती. घरी आली की न सांगता सुया ओवून ठेवायची. शेजारणी म्हणायच्या, बहीण असावी तर अशी.

“तुला माझा नंबर माहीत होता?”

“लेबल मीच लावलं होतं, ताई.” धाकटीची मान खाली. “सांगायला मनाई होती. नोकरी गेली असती. आणि खात्री तरी कुठे होती गं? दहातल्या तिघांना काहीच होत नाही.”

“मग सुया कुणासाठी ओवत होतीस? त्या तिघांसाठी?”



नर्स डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा फॉर्म घेऊन आली. पुन्हा पाणी तपासायचं होतं, या वेळी उपचारासाठी. निकाल कुणाला कळवायचा, या रकान्यात जुन्या कागदावरून बहिणीचं नाव उतरवलेलं होतं. थोरलीनं फॉर्म पार नाकाशी नेला, ते नाव एका रेघेनं खोडलं आणि वर लिहिलं, ‘मला’.

मग भिंतीला हात लावून ती जिन्याकडे निघाली. मागे पावलं वाजत होती. पहिली पायरी तिनं पायानंच चाचपली, पण हात मागितला नाही.