उशिरा जागा झालेला प्रोसेसर

उंब्रजजवळच्या दूध शीतकरण केंद्रातला संगणक मे महिन्यात पाचव्यांदा सुरू होताना अडकला, तेव्हा व्यवस्थापक मानसिंगरावांनी सांगलीला अश्लेषाला फोन लावला.

"मॅडम, तुमच्या रिपोर्टात ऑपरेटरची चूक लिहिली होती, म्हणून आमच्या गुंडा मोहितेला कामावरून काढून गेटवर बसवला. आज दुसऱ्या माणसानं सुरू केला, तरी अडकलाच की!"

केंद्राचे संगणक बघायचं काम अश्लेषाचं होतं. रिपोर्ट तिनेच लिहिला होता. सहा महिन्यांपूर्वी केंद्राचा जुना संगणक कायमचा बंद पडला. टाक्यांचं तापमान सांभाळणारा प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी कधीच गुंडाळली गेली होती, आणि नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर तो चालत नव्हता. तेव्हा अश्लेषाने नव्या सर्व्हरवर हायपरवायझर टाकला. त्यामुळे एकाच यंत्रात चार आभासी संगणक चालू लागले, आणि त्यातल्या एकात तिने जुनी सिस्टिम जशीच्या तशी बसवली. सगळ्यांनी कौतुक केलं. मग हा आभासी संगणक सुरू होताना अधूनमधून अडकायला लागला. ती येऊन सुरू करायची तेव्हा मात्र बिनबोभाट चालायचा. दोन हेलपाटे फुकट गेल्यावर तिने वैतागून लिहून टाकलं होतं, 'ऑपरेटर योग्य क्रमाने सुरू करत नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती उंब्रजला उतरली. गेटवर गुंडातात्या खुर्ची टाकून बसले होते. सैन्याच्या सिग्नल विभागात अठरा वर्षं काढलेला हा माणूस तिला पाहून उठून उभा राहिला, तेव्हा तिला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

"तात्या, अडकतो तेव्हा नेमकं काय होतं?"

"आवं म्याडम, ह्ये तवाच इचारायचं व्हतं." आवाजात राग नव्हता. त्यांनी शर्टाच्या खिशातून छोटी वही काढली. "लाईट लय येळ गेली की यूपीएस संपतो. मग लाईट आली की सर्व्हरवरची चारी मशिनं एकदमच उठत्यात. ह्यो तवाच अडकतो. नंतर एकट्याला बंद करून चालू केला, तर कवाच न्हाई."

वहीत अकरा नोंदी होत्या, प्रत्येकीपुढे तारीख आणि वेळ. अश्लेषाने त्या उभ्याउभ्याच वाचल्या. ती स्वतः आली होती तेव्हा दोन्ही वेळा तिने एकटाच संगणक सुरू केला होता.

सकाळचं दूध टँकरने गेलं होतं, टाक्या रिकाम्या होत्या. तात्यांना सोबत घेऊन ती संगणकाच्या खोलीत बसली. जुनी सिस्टिम एकटीच वीस वेळा सुरू केली, वीसही वेळा ठीक. मग चारही एकदम. चौथ्या खेपेला पडदा गोठला. शेवटची ओळ होती: तिसऱ्या प्रोसेसरकडून उत्तर नाही.

"ह्यो मेला का?" तात्यांनी विचारलं.

"नाही. उशीर झाला त्याला." आता तिला दिसायला लागलं होतं. "सुरुवातीला एकच प्रोसेसर जागा असतो. तो बाकीच्यांना उठवतो आणि ठरावीक वेळ उत्तराची वाट बघतो. खऱ्या यंत्रात उत्तर लगेच येतं. ह्या संगणकाचे चारही प्रोसेसर आभासी. हायपरवायझर पाळी देईल तेव्हाच ते चालणार. चारही संगणक एकदम उठले की गर्दी होते, आणि तिसऱ्या प्रोसेसरची पाळी यायच्या आत पहिल्याची मुदत संपते. तो त्याला सोडून पुढं जातो."

"आन मग ह्यो मागनं उठतो."

"उठतो, आणि पहिल्याने दुसऱ्या कामाला घेतलेल्या मेमरीतच घुसतो. तिथं सगळं अडकतं."

तात्या म्हणाले, "म्हंजी माजी चूक नव्हती."

"नव्हती, तात्या. माझी होती. मी न तपासता लिहिलं."

त्यांनी वही मिटून खिशात ठेवली.

अश्लेषाने जुन्या सिस्टिमसाठी सर्व्हरचे चार खरे प्रोसेसर राखून ठेवले आणि बाकीचे तीन संगणक दोन-दोन मिनिटांच्या अंतराने उठतील अशी व्यवस्था केली. मग यूपीएस बाजूला काढून तात्यांनी दहा वेळा मेन स्विच पाडला आणि दहा वेळा चढवला. एकदाही अडकला नाही.

मानसिंगरावांना तिने सगळं सांगितलं. ते हसून म्हणाले, "बरं झालं. गुंडा, उद्यापास्नं आत ये गड्या. मिटलं."

"न्हाई साहेब," तात्या म्हणाले. "चूक कागदावर लिवली, तर दुरुस्तीबी कागदावर पायजे. माज्या फायलीत."

मानसिंगरावांनी अश्लेषाकडे पाहिलं. ती आधीच लॅपटॉप उघडून बसली होती. जुन्या रिपोर्टचा क्रमांक देऊन तिने लिहिलं, की त्यातला निष्कर्ष चुकीचा होता आणि दोष शोधता आला तो श्री. गुंडा मोहिते यांच्या नोंदींमुळे. खाली सही करून तिने दोन प्रती काढल्या.

तात्यांनी चष्मा लावून आपली प्रत सावकाश वाचली. "नावाच्या आधी 'हवालदार' घाला," ते म्हणाले. "बाकी बराबर हाय."

तिने ते घातलं आणि कागद पुन्हा छापायला दिला.