सुटलेले टाके

सुट्टीत लेकीला घेऊन भावाकडे जायचं आणि काही झालं तरी हसतमुख राहायचं, असं ठरवूनच धाकटी निघाली होती. पंचेचाळिशी उलटली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. औषधाच्या कारखान्यात रिकाम्या बाटल्या उजेडासमोर धरून तडा, बुडबुडा शोधायचं तिचं काम. तिच्या नजरेतून काही सुटत नसे आणि याचा तिला भारी अभिमान होता. तिची लेक खारू पंधरा वर्षांची. लहानपणी गालात खाऊ साठवून ठेवायची म्हणून हे नाव पडलं. आता ती शब्द साठवत होती. गेल्या महिन्यात तिने सरळ सांगून टाकलं, की पुढची दोन वर्षं मामाकडे राहून शिकायचंय. सुट्टीचे हे थोडके दिवस धाकटीच्या हातात होते. तेवढ्यात पोरीचं मन वळलं तर वळलं, नाहीतर ती गेलीच म्हणून समजायचं.

भावाचं घर म्हणजे आईचंच घर. आई जाऊन वर्ष झालं होतं. त्या घरात सुट्टीतल्या दुपारी कुणी झोपत नसे. जेवणं आटोपली की ज्याने त्याने आपला छंद घेऊन मधल्या खोलीत बसायचं, ही आईची शिस्त, आणि ती आईच्या पश्चातही निमूट चालू होती. दादा लाकडाची बदकं कोरायचा. ती बटाट्यांसारखी दिसत आणि दादा ती आल्यागेल्याच्या गळ्यात मारायचा. वहिनी कुंड्या रंगवायची. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून विणायची. कुणाच्या कामात चूक दिसली तर ती बोलायची नाही, रागवायचीही नाही. तुम्ही उठून गेलात की ती चूक उसवून, नीट करून ठेवायची. धाकटीने लहानपणी विणलेल्या एकाही वस्तूत तिचा स्वतःचा टाका शिल्लक राहिला नव्हता. तिने विणणं सोडलं ते सोडलंच. आपण आईसारखं व्हायचं नाही, हे तिने तेव्हाच मनाशी पक्कं केलं होतं, आणि आपण तसे झालो नाही याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती.

पहिल्याच दुपारी तिला सुयांची टकटक ऐकू आली. भिंतीपलीकडून, आईच्या खोलीतून, त्याच संथ चालीत. जाऊन बघते तर खारू पलंगावर मांडी घालून विणत होती. आईच्याच सुया, आईचीच राखाडी लोकर. वहिनीने म्हणे कपाटातून काढून दिली होती. मफलर करतेय, एवढंच सांगून खारूने तो पाठीमागे सरकवला. धाकटी हसली, पण आतून चरकलीच. मग रोज ती टकटक सुरू झाली, की कुणीतरी पाठीशी वाकून आपलं काम तपासतंय असं तिला वाटायचं. तिने दादाला सांगून पाहिलं. आईच्या घरात आई भासणारच, एवढं बोलून दादा बदकाची चोच कुठे काढावी याच्या काळजीत पडला.

निघायच्या आदल्या दुपारी खारू मामीबरोबर रंग आणायला गेली आणि हातभर झालेला मफलर खिडकीजवळच्या खुर्चीत राहिला. धाकटीने तो उचलला. नुसता बघायला. उजेडासमोर धरला, तर जागोजाग टाके सुटलेले, वरपासून खालपर्यंत उभ्या फटी पडलेल्या. पोरीने एवढं जीव लावून केलं आणि सगळं वाया गेलं, या विचाराने तिला भरून आलं. एवढीशी मदत केली तर खारू खूश होईल, कदाचित आपल्याशी चार शब्द बोलेल, आणि कोण जाणे, घरी यायलाही तयार होईल. ती खुर्चीत टेकली.

त्यानंतरचं तिला नीट आठवलं नाही. वर्षानुवर्षं सुई न धरलेली बोटं आधी उसवत गेली, मग विणत गेली. लोकर करंगळीभोवती एक वेढा घेऊन येत होती. तसा वेढा फक्त आई घ्यायची. धाकटीला तो कधीच जमला नव्हता.

"आजी?"

दारात खारू उभी होती, पांढरीफटक पडलेली. धाकटीने मान वर केली तेव्हा कुठे पोरीने श्वास सोडला. मग तिची नजर मफलरवर गेली. एकही फट उरली नव्हती. टाक्याला टाका लागलेला, घट्ट, बिनचूक.

"फटी पडल्या होत्या गं," धाकटी म्हणाली. "नीट करून ठेवला."

"त्या मुद्दाम सोडल्या होत्या. जाळीची नक्षी होती. तुझ्यासाठीच करत होते." खारूच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. तिने मफलरवरून हात फिरवला. "असू दे. आता छान दिसतोय."

असू दे, आता छान दिसतोय. हेच, याच बेताच्या आवाजात, धाकटी स्वतः आईला म्हणायची आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायची. इतक्या वर्षांत या पोरीचं आपण काय काय नीट करून ठेवलं, ते एकेक करून तिच्या डोळ्यांसमोर आलं. चित्रं, निबंध, केसांचा भांग, अगदी मैत्रिणीसुद्धा. तिला स्वतःचीच भीती वाटली. तरीही पोरगी जाते आहे हे सहन होईना, म्हणून हाताशी होतं ते शेवटचं अस्त्र तिने काढलं.

"इथे राहशील कशी तू? आजीच्या खोलीत झोपावं लागेल. भीती नाही वाटणार?"

खारूने थोडा विचार केला.

"आजी इथे नसते, आई," ती म्हणाली. "ती आपल्या घरी असते."

मधल्या खोलीत दादा लाकूड तासत होता. धाकटीला ओरडावंसं वाटलं, पोरीला कुशीत घ्यावंसं वाटलं, पण हात मोकळे होईनात. शेवटी ती म्हणाली,

"राहा मग इथेच. मी बोलते दादाशी."

खारूने मान डोलावली. ती धाकटीच्या तोंडाकडे बघत नव्हती, हातांकडे बघत होती. धाकटीनेही खाली पाहिलं. बोलता बोलता तिची आणखी अर्धी ओळ विणून झाली होती.