ओरेस्टची सही

आता बघा, माणसाने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहावं आणि लोकांनी तोंडावर सांगावं, ही सही तुमची नाही! ओरेस्ट हनात्युकच्या नशिबी तेच आलं.

चाहते जमवतात तशी खेळाडूंच्या फोटोंची कार्डं छापणाऱ्या कंपनीने त्याला पारदर्शक स्टिकरांचे कागद पाठवले होते. खेळाडूने घरी बसून प्रत्येक स्टिकरवर सही करायची, मग कंपनी ते सोलून कार्डांवर चिकटवते. जुन्या आइस हॉकीपटूंच्या संचात ओरेस्टचं कार्ड निघणार होतं, चाळीसेक वर्षांनी पहिलं. म्हातारा नुसता हरखला होता. थरथरत्या हाताने, जीभ दातांत धरून, आठवडाभर त्याने सह्या ओढल्या. आणि सगळे कागद परत! का, तर म्हणे जुन्या नमुन्यांशी जुळत नाहीत.

त्याची बायको व्हर्ना हसून हसून लोटपोट झाली. "अरे, जुळतील कशा? ते नमुने म्हणजे माझ्या सह्या आहेत!"

ओरेस्टला हसू आलं नाही. तो खेळायचा तेव्हा चाहत्यांची कार्डं पोत्याने यायची, सही करून परत पाठवा म्हणून. खेळताना झालेल्या एका मारामारीत त्याचा हात मोडला, तेव्हा व्हर्नाने ते काम अंगावर घेतलं. हात बरा झाला, पण काम काही परत त्याच्याकडे आलं नाही. त्याने मागितलंही नाही, खोटं कशाला बोला! बर्फावर घाम गाळायचा आणि घरी येऊन सोफ्यावर आडवं व्हायचं, हे त्याला फार बरं पडत होतं. आता मात्र रात्रंदिवस एकच गोष्ट टोचत होती. जगाला जो ओरेस्ट माहीत आहे, त्याच्या नावाचं एक अक्षरसुद्धा त्याचं स्वतःचं नव्हतं.

कंपनीने तोडगा काढला. आमच्या ऑफिसातली एक मुलगी तुमच्या गावी येईल, तिच्या डोळ्यांदेखत सह्या करा, मग हात थरथरला तरी चालेल. त्यासाठी शनिवारी गावातल्या बर्फाच्या रिंकच्या हॉलमध्ये टेबल मांडायचं ठरलं. गावकऱ्यांनीही जुनी कार्डं घेऊन यावं, असा फलक लागला.

"मी सांगून टाकू का त्यांना, व्हर्ना?" आदल्या संध्याकाळी त्याने विचारलं.

"तोंड उघडून तर बघ! गावात शोभा करायची आहे माझी? खोट्या सह्या करणारी बाई म्हणतील मला. आणि तुझं कार्डही जाईल, ते वेगळंच. गुमान बस आणि सह्या कर."

शनिवारी जोसलीन नावाची ती मुलगी त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसली. पोरगी गोड होती, पण नजर सशाची नव्हती, ससाण्याची होती. समोर रांग लागली. हॉलच्या दुसऱ्या टोकाला व्हर्ना कॉफी आणि बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी वाढत होती आणि मधूनमधून डोळे वटारून त्याच्याकडे बघत होती. सगळं सुरळीत चाललं होतं. मग अर्विन पेल्त्ये पुढे आला.

शेजारच्या गावात मुलींच्या हॉकी संघाला शिकवणारा हा पन्नाशीचा गडी. त्याने खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड काढलं. त्यावर तरुण ओरेस्ट होता, पुढचे दोन दात गायब, आणि खाली ऐटदार, वळणदार सही.

"मी लहानपणी पाय मोडून हॉस्पिटलात पडलो होतो, तेव्हा तुम्ही हे पाठवलं होतंत," अर्विन म्हणाला. "आता त्या सहीशेजारी आजची करा. दोन्ही एकाच कार्डावर असू देत."

दोन सह्या शेजारी शेजारी आल्या असत्या तर आंधळ्यालाही कळलं असतं. वेळ काढायला म्हणून ओरेस्टने कार्ड उलटं केलं. मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं: पाय बरा झाला की डावीकडे वळायला शीक. सगळे उजवीकडेच वळतात, म्हणून पकडले जातात.

"या एका ओळीने मला घडवलं, मिस्टर हनात्युक. मी माझ्या पोरींना पहिल्या दिवशी हेच शिकवतो."

ओरेस्ट त्या ओळीकडे बघतच राहिला. डावीकडे वळणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. व्हर्ना सामना बघून आली की भांडी घासता घासता ओरडायची, अरे डावीकडे वळ ना, दगडा! तो ऐकल्यासारखं करायचा आणि झोपायला जायचा. त्याने जे कानाआड केलं ते तिने या पोराला लिहून कळवलं होतं, आणि पोराने ते ऐकलं होतं. ओरेस्टला लाज वाटली. अशी लाज त्याला हरलेल्या सामन्यातही कधी वाटली नव्हती.

"हे मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"सहीपण माझी नाही. दोन्ही माझ्या बायकोने लिहिलंय. ती बघ, कॉफी वाढतेय. तुला शिकवलं ते तिने. मला तर डावीकडे वळताच येत नव्हतं, विचार कुणालाही!"

जोसलीनचा चेहरा पडला. "मिस्टर हनात्युक, हे मी ऐकायला नको होतं. म्हणजे तुमच्या नावाची जुनी कार्डं..."

"एकजात सगळी तिची."

"मग मला कंपनीला कळवावं लागेल. जुन्या सह्या खोट्या निघाल्यावर कंपनी हे कार्ड काढणार नाही."

"कळव, पोरी. तुझा काही दोष नाही."

तिने स्टिकरांचे कागद खोक्यात भरले. ते बघताना ओरेस्टला फार वाईट वाटलं. त्याला ते कार्ड मनापासून हवं होतं.

अर्विन एव्हाना कॉफीच्या टेबलापाशी पोचला होता. ओरेस्ट कुरकुरत्या गुडघ्यांनी मागोमाग गेला.

"काय सांगितलंस तू याला?" व्हर्ना कडाडली.

"खरं ते."

"मेल्या! बजावलं होतं ना तुला?" तिचे कान लाल झाले होते. ती अर्विनकडे वळली. "हे बघ बाबा, कुणाला फसवायचं म्हणून नव्हतं केलं मी. पोरं वाट बघत असायची, आणि हा घोरत असायचा."

अर्विनने कार्ड तिच्यापुढे ठेवलं आणि पेन दिलं. "मला तुमची सही हवी आहे. तुमच्या नावाची."

व्हर्नाने पेन घेतलं. ज्या बाईने हजारो वेळा डोळे मिटून ओरेस्टचं नाव लिहिलं होतं, तिला स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर सुचेना.

"कसं लिहू रे?" तिने हळूच नवऱ्याला विचारलं. "माझी सही कधी कुणी मागितलीच नाही."

"लिही कसंही. तुझंच नाव आहे ते," ओरेस्ट म्हणाला, आणि कार्ड सरकू नये म्हणून त्याने त्याची कड बोटांनी दाबून धरली.

"हात काढ. कार्ड हलतंय."

त्याने हात काढला, आणि तिचं लिहून होईपर्यंत तो शेजारी उभा राहिला.