चार नंबरच्या फाटकावरची अकरा मिनिटं

विजयसिंह इंगवल्यांनी चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या गेटावर माणसं मोजली. कोण किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला, मधे तंबाखू मळायला किती वेळ घालवला, सगळं रजिस्टरात. निवृत्त झाल्यावर मोजायला माणसं उरली नाहीत आणि हात शिवशिवायला लागले. आठवडाभर त्यांनी कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर लिहून पाहिलं. शेवटी बायकोनं, संयोगितावहिनींनी, लाटणं दाखवलं, तेव्हा ते घराबाहेर पडले आणि कॉलनीचे सेक्रेटरी झाले.

बदामवाडी कॉलनीत बंगले बारा, रस्ता एक आणि बदामाची झाडं नऊ. मार्च लागला की ही झाडं तळहाताएवढी तांबडी पानं दिवसरात्र ढाळत राहतात. रस्ता झाडायला गेली चौदा वर्षं चिमणाबाई. माहेर मुरगूडकडचं, आवाज तिथूनच आणलेला. आधी पाणी शिंपडायचं, मग खराटा मारायचा, मोठी पानं लोखंडी दाताळ्यानं ओढून पोत्यात दाबायची आणि पोतं कोपऱ्यावरच्या खतखड्ड्यात रिकामं करायचं, ही तिची पद्धत.

विजयसिंहांनी एक आठवडा तिच्या मागं मागं फिरून नोंद केली. रोज एक तास चाळीस मिनिटं. त्यातली अकरा मिनिटं चार नंबरच्या फाटकावर बोलण्यात. चार नंबर म्हणजे त्यांचंच घर, आणि बोलणारी दुसरी बाई म्हणजे त्यांचीच बायको. पण कामाच्या ठिकाणी त्यांनी नातं कधी धरलं नव्हतं. ‘बिनकामी’ असा रकाना आखून त्यात त्यांनी सात दिवस सात वेळा अकरा लिहिले.

मग पानं उडवायचं मशीन आलं. पाठीला अडकवायचं, हातात नळी, आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीतली कुत्री घरात जाऊन बसली. वॉचमन कृष्णातनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं, “सायब, ही तर फुंकणी की! आमच्या आयची चुलीपुढची, नुसती पैलवान झालीया.” तेव्हापासून सगळी कॉलनी त्याला फुंकणीच म्हणायला लागली.

ठरलं असं. एक आठवडा चिमणाबाईनं सुट्टी घ्यायची, फुंकणी कृष्णातनं चालवायची. रविवारच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी आकडे वाचणार. आकडे फुंकणीच्या बाजूनं पडले तर एक तारखेपासून चिमणाबाईचं काम बंद. विजयसिंहांना निकाल आधीच ठाऊक होता. सोमवारी कृष्णातनं सगळा रस्ता बावीस मिनिटांत उडवला, तेव्हा त्यांनी मीटिंगच्या कागदावर ‘२२’ लिहून त्याभोवती गोलसुद्धा काढला.

त्याच दुपारी चिमणाबाई आपला खराटा न्यायला आली. त्यांनी मोठ्या मनानं तिला रजिस्टर दाखवलं. तिनं ते उलटं धरलं, मग सुलटं केलं.

“कवा सुरू झालं ते हाय, कवा संपलं ते बी हाय,” ती म्हणाली. “पाला कुठं गेला त्ये कुठं लिवलंयसा?”

“पाला गेला.”

“कुठं गेला?”

“गेला म्हणजे गेला, चिमणाबाई! रस्ता स्वच्छ आहे, बघा की.”

“बगतीया की,” असं म्हणून ती हसली आणि खराटा खांद्यावर टाकून चालू लागली.

ते हसू विजयसिंहांच्या जेवणात आलं, वामकुक्षीत आलं. चार वाजता वारा सुटला तसे ते उठून फाटकाशी गेले. रस्ता सकाळसारखाच तांबडा झाला होता. नवीन पानं असतील, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण कारखान्यात एकाच्या नावावर दुसरा आत जायचा, तेव्हा त्यांना जसा संशय यायचा, तसाच आता आला.

मंगळवारी त्यांनी सकाळीच वीस पानं वेचली, मार्करनं प्रत्येकावर नंबर घातला आणि रस्त्यावर परत टाकली. संयोगितावहिनी गॅलरीतून बघत होत्या.

“अहो, पानांना हजेरी घ्यायला लागलात काय?”

“तुम्ही आत जावा.”

कृष्णातनं फुंकणी मारली. एकवीस मिनिटं. संध्याकाळी विजयसिंह पिशवी घेऊन निघाले. तीन आणि अकरा नंबरची पानं गटारीत सापडली. सात नंबर सहाव्या बंगल्याच्या पायपुसण्यावर. चार मिळालीच नाहीत, बाकीची रस्त्यावरच, जिथं सकाळी होती त्याच्या आसपास. वीसपैकी सोळा पानं घरी परत आली होती. बुधवारी त्यांनी तीच पानं परत रस्त्यावर टाकली, ती पुन्हा उडाली आणि संध्याकाळी पुन्हा चौदा हजर. म्हणजे कृष्णात रोज नवा पाला काढत नव्हता, एकच पाला रोज कामावर बोलावत होता. आणि आपण त्याची रोज नवी हजेरी मांडतोय!

त्या विचारानं त्यांना बसवेना. सोफ्यावरून खुर्चीवर, खुर्चीवरून पायरीवर. सहाव्या बंगल्यातल्या अनुजाताई येऊन ओरडून गेल्या की सगळ्यांचा कचरा आमच्याच दारात का. ती पिशवीभर नंबरी पानं बंबात घातली असती तर कुणाला काही कळलं नसतं. विजयसिंह दोनदा बंबापर्यंत जाऊन आले. नंतर त्यांना वाटलं, दोष मशीनचा नाही, कृष्णातचा. तो पानं नुसती कडेला सारतो. पार शेवटच्या मोकळ्या प्लॉटपर्यंत ढकलली पाहिजेत, एकदम. मग कशी परत येतात बघू.

गुरुवारी पावणेनऊला त्यांनी स्वतः फुंकणी पाठीला बांधली.

“सायब, म्या करतो की,” कृष्णात म्हणाला.

“तू घड्याळ धर.”

त्यांनी खटका पूर्ण दाबला. पानांची अख्खी पलटण खडखडत पुढं पळाली. तिसरा बंगला, पाचवा, आठवा. विजयसिंहांच्या छातीत कित्येक महिन्यांनी शिफ्ट सुटल्याचा भोंगा वाजला. कृष्णात मागून हात हलवत काहीतरी ओरडत होता, ते त्यांना ऐकू कसं येणार? शेवटच्या वळणावर त्यांनी नळी उचलली आणि सगळा पाला मोकळ्या प्लॉटवर सोडला.

प्लॉटवर जुन्या साड्या अंथरल्या होत्या. साड्यांवर चार घरांची वर्षाची चटणी, म्हणजे तिच्यासाठीच्या मिरच्या, चार दिवसांच्या उन्हानं कडकडीत वाळलेल्या. भोवती बायका देठ खुडत बसल्या होत्या. त्यांत संयोगितावहिनी होत्या, आणि त्यांनी हाताखाली बोलावलेली चिमणाबाईही.

वाळकी मिरची पानापेक्षा हलकी असते, हे विजयसिंहांना तेव्हा कळलं. मिरच्या उठल्या, फुटल्या, बिया आणि भुकटी वाऱ्यावर चढली. आधी बायका खोकल्या, मग अख्खी कॉलनी. आठव्या बंगल्यात अध्यक्ष बुद्धभूषण सर कॉलेजला निघाले होते. ते डोळ्यांना रुमाल लावून गॅलरीत आले.

“इंगवले, हा चाचणीचाच भाग आहे का?”

विजयसिंहांच्या हातातली नळी चालूच होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि खटका कुठं आहे ते दिसत नव्हतं. शेवटी चिमणाबाईनंच येऊन तो बंद केला.

“अहो, चार दिवस झाले मिरच्या वाळत घातल्यात!” संयोगितावहिनी खोकत खोकत कडाडल्या. “घरात राहता का कुठं?”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“इचारलंसा कवा?” चिमणाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. “म्या रोज तुमच्या फाटकावर वैनींस्नी इचारती. आज वाळत काय घातलंया? पापड हाईत का शेवया? कुणाच्या दारात तान्हं निजलंया? मग तेवढी बाजू सोडून खराटा मारती. धुरळा उडवून कसं चालंल, सायब?”

विजयसिंहांनी फुंकणी पाठीवरून उतरवली. ते खाली बसले आणि मिरच्या वेचायला लागले. तांबड्या पानांतून तांबड्या मिरच्या निवडायच्या, तेही रडणाऱ्या डोळ्यांनी. मोठी पानं चिमणाबाईनं दाताळ्यानं हलक्या हातानं अशी ओढून काढली की खालची एक मिरची हलली नाही. बाकी सगळं हातानं. कृष्णात, बायका आणि सेक्रेटरी, सगळे एका रांगेत. एका मिरचीला चिकटून पान नंबर अठरा निघालं, ते त्यांनी गुपचूप खिशात घातलं.

शेवटची साडी झटकली तेव्हा सव्वा वाजला होता.

घरी येऊन त्यांनी रजिस्टर उघडलं. सुरू: आठ पंचेचाळीस. संपलं? कृष्णातनं घड्याळात धरलेली वेळ आठ बावन्न होती. सात मिनिटं, आजवरचा विक्रम. पेन बराच वेळ हवेत राहिलं. स्वयंपाकघरातून वहिनींच्या शिंका ऐकू येत होत्या. विजयसिंहांनी लिहिलं, एक पंधरा.

रविवारी मीटिंगमध्ये त्यांनी सगळं वाचलं, कारखान्यात गैरहजेरी वाचायचे त्याच सुरात. बावीस, एकवीस, सोळा पानं परत, चौदा परत, गुरुवारी साडेचार तास. नंबरी पानं टेबलावर मांडली. कुणीतरी हसलं, पण बुद्धभूषण सरांनी चष्मा वर करून सात नंबरचं पान नीट उलटून पाहिलं आणि म्हणाले, “मग चिमणाबाई उद्यापासून येतील, आणि हे यंत्र आलं तिथं परत जाईल. कुणाची हरकत?”

हरकत एकट्या कृष्णातची होती, ती त्यानं मनातच ठेवली.

विजयसिंह मात्र बसले नाहीत. कारखान्यात नियम होता, चुकीची नोंद खोडायची नाही, एकच रेघ मारून शेजारी सही करायची. चौतीस वर्षांत ती वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांनी मागची पानं काढली, ‘बिनकामी’च्या रकान्यातल्या सातही अकरांवर उभ्या उभ्या एकेक रेघ ओढली, ते आकडे कामाच्या रकान्यात नेले आणि सात सह्या केल्या. मग रजिस्टर दाराशी बसलेल्या चिमणाबाईपुढं धरलं.

तिनं या वेळी ते सुलटंच धरलं.

“धा मिन्टं बोलती, सायब,” ती म्हणाली. “एक मिन्टात वैनी च्या देत्यात.”

विजयसिंहांनी पेन परत उघडलं. चहाचं एक मिनिट कुठल्या रकान्यात धरायचं, हा घोर घेऊनच ते त्या रात्री झोपले.