गढपिंपरीचा दरवाजा मीच वाहून नेला

मित्रांनो, मी एक जुनी बंडी आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात बैलगाडीला बंडी म्हणतात. तुम्ही भेटायला आलात तर मी नीट उभे राहायला हवे, पण माझे डावे चाक मोडलेले आहे आणि खरे सांगायचे तर आता नीट उभे राहण्याचा मला कंटाळाही आला आहे. माझे धनी रूपराव यांच्या गुरांच्या कोठ्यामागे, निंबाच्या झाडाखाली मी अशीच कलंडून पडलेली असते. कोंबड्या येऊन माझ्यावर बसतात. बसू देत. माझ्या पाठीवर एकेकाळी अख्खी नगरी बसून गेली, तिथे कोंबड्यांचे काय ओझे? माझ्या साट्यात, म्हणजे माल भरायच्या चौकटीत, गोणपाटाखाली एक जड वस्तू झाकून ठेवलेली दिसते ना, तिच्याविषयी मी शेवटी सांगेन. तोवर उचकू नका.

नगरी म्हटल्यावर तुम्हाला हसू आले असेल. आमचे गढपिंपरी म्हणजे हिंगणघाटहून गिरडला जाणाऱ्या रस्त्याच्या आत, जेमतेम दीडशे घरांचे गाव. पण गावाच्या उगवतीला पांढऱ्या मातीचे एक मोठे टेकाड आहे. त्याला लोक गढी म्हणतात. फार फार पूर्वी तिथे राजाची नगरी होती. किती पूर्वी, ते मला विचारू नका, मी सुताराची लेक आहे, पंडिताची नाही. एवढे मात्र पाहिले आहे की तिथे कुदळ खोल गेली की हातभर लांबीच्या विटा निघत, रंगीत मणी निघत, एखादा मातीचा चिमुकला बैल निघे. पायऱ्यांची एक विहीर होती, मस्तक नसलेला एक दगडी देव होता आणि या सगळ्यांहून मोठा असा उगवतीचा दरवाजा होता. दोन काळे खांब, त्यांवर आडवी शिळा आणि शिळेवर ओळीने कोरलेले सात हत्ती. त्यांतला सातवा हत्ती अगदी कडेला, वळणावर होता. मान वाकडी केल्याशिवाय तो कोणाला दिसत नसे.

माझा जन्म एकाहत्तर सालचा. डोमाजी सुताराने सागवान निवडून मला घडवले. चाकांना लोखंडी धाव चढवली तो दिवस मला अजून आठवतो. गोवऱ्यांच्या कड्यात धाव लालबुंद केली, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली आणि वरून पाण्याच्या घागरी ओतल्या. मी वाफेत गुदमरले होते. डोमाजी घाम पुसत माझ्या धन्याला म्हणाला, "रूपराव, माती वाह्य, गोटे वाह्य, वऱ्हाड वाह्य, हे बंडी काई कुरकुर कराची नाई. फकस्त तिले रिकामी ठेवू नोको. रिकामी बंडी लवकर सडते."

रूपरावांनी मला कधीच रिकामी ठेवले नाही. पेरणी, कापूस, कडबा ही तर रोजची कामे झाली. पण त्यांना एक वेगळाच नाद होता. गिरडच्या टेकडीवर फरीदबाबाच्या दर्ग्याला जाणारे लोक आमच्या फाट्यावर चहापाण्याला थांबत. शेतात काम कमी असले की रूपराव मला जुंपून तिथे नेऊन उभी करत आणि लोकांना हाका मारत. "या जी, बसा! बाबा काई पळून जात नाई, संध्याकाळी भेटते. पयले आमचा दरवाजा पाहून घ्या!" लोक हसत हसत चढत. मग रूपराव त्यांना विहीर दाखवत, बिनडोक्याचा देव दाखवत आणि शेवटी दरवाज्याखाली उभे करून विचारत, "सांगा, हत्ती किती?" सगळे म्हणत, सहा. मग रूपराव पाव्हण्याची मान आपल्या हातांनी वाकडी करत. "आता?" सातवा हत्ती दिसला की म्हातारीकोतारी माणसेही लेकरांसारखी टाळ्या वाजवत. या कामाचे रूपराव कोणाकडून काही घेत नसत. घरी त्यांच्या लीलाबाई म्हणत, "घरचं झालं थोडं आन यायले राजाचं घोडं." रूपराव नुसते हसत.

आता माझे पाप सांगते. ज्या हातांनी आम्ही ती नगरी दाखवत होतो, त्याच हातांनी तिला उकरतही होतो.

आमच्या गावात पांढरीची, म्हणजे गढीची, माती म्हणजे सोने. उन्हाळ्यात ती बंडीने शेतात टाकायची, पिकाला कस मिळतो. दसरा-दिवाळीला तिच्यात पाणी कालवून घराच्या भिंती पोतारायच्या, भिंती दुधासारख्या उजळतात. बापजाद्यांपासून असेच चालत आलेले, त्यात चोरी कोणाला वाटत नसे. एका टोपल्याने गढी उणी होते का, असे जो तो म्हणे. दीडशे घरे आणि प्रत्येकाचे एकच टोपले. मी तर टोपले नव्हे, बंडी होते. दर वैशाखात माझ्या किती खेपा झाल्या ते मी मोजणे सोडून दिले.

रूपरावांचा एक नियम मात्र होता. माती गढीच्या मागच्या बाजूने न्यायची, दरवाज्याकडची नाही. बायका पोतारायला दरवाज्याच्या पायथ्याची मऊ माती टोपल्यांनी नेत, तिकडे ते काणाडोळा करत. बाईमाणसाच्या टोपल्याने काय होते, असे त्यांना वाटे. मित्रांनो, मोठी माणसे काणाडोळा करतात तेव्हा त्यांना पुढचे सगळे दिसत असते, फक्त पाहायचे नसते.

पुढे गावात कुजबुज सुरू झाली. नाल्यावर रपटा, म्हणजे बुटका दगडी पूल, बांधायचा होता आणि सरपंच अण्णाजींची नजर दरवाज्याच्या घडीव दगडांवर होती. रूपरावांची झोप उडाली. ते शाळेतल्या बंडोपंत गुरुजींकडे गेले. गुरुजी वर्ध्याचे, सहा वर्षांपासून गावात राहत होते. ते म्हणाले, "दरवाजा सरकारच्या यादीत गेला की त्याला कोणी हात लावू शकणार नाही. आपण अर्ज करू." मग गुरुजी लिहीत आणि रूपराव खाली सही करत. सहा वर्षे अर्ज जात राहिले. अखेर त्र्याऐंशीच्या आश्विनात नागपूरहून पत्र आले, की एक साहेब स्वतः दरवाजा पाहायला येत आहेत. त्यांना तो पटला तर यादीत नाव चढणार, पाटी लागणार, फाट्यापासून रस्ताही होणार. रूपरावांनी ते पत्र माझ्या जुवाला लावून नमस्कार केला. "आता मी मेलो तरी हत्ती उभे राह्यतीन," ते बैलांना सांगत होते.

साहेब यायला आठ दिवस होते. गुरुजींनी पारावर सगळ्यांना जमवले. "साहेबांना गाव कसं स्वच्छ, सुंदर दिसलं पाहिजे. एकही भिंत मळकी नको!" गुरुजी चांगल्या मनानेच बोलले. पण आमच्या गावाला भिंत उजळायचा एकच उपाय ठाऊक होता. घरे, शाळा, चावडी, मारुतीचा ओटा, एवढेच काय, कोंडवाडासुद्धा पोतारायचे ठरले. एवढी माती टोपल्यांनी कशी पुरणार? रूपरावांनी मला जुंपले.

दरवाज्यापाशी देवकाबाई कुदळ घेऊन उभीच होती. ती रूपरावांची शेजारीण, गावात तिच्यासारखी भिंत कोणी पोतारत नसे. रूपराव मला मागच्या बाजूला वळवू लागले तशी ती म्हणाली, "तिकडं कोठी चालले? मागची माती खरबरीत हाय. इथली पाहा, लोण्यावाणी. सायबाच्या नजरेत भरन."

"इथली नोको, मावशी," रूपराव म्हणाले.

"काऊन? इतके साल आमी इथलीच नेतो ना? आन हे आपन कोनासाठी करून राह्यलो? दरवाज्यासाठीच त करून राह्यलो!"

रूपराव वर हत्तींकडे पाहत राहिले. मला अजून वाटते, तेव्हा त्यांनी बैलांना नुसते 'चला' म्हटले असते तर बरे झाले असते. पण त्यांनी कासरा सोडला आणि कुदळ उचलली.

तीन दिवस आम्ही माती वाहिली. डाव्या खांबाखाली आधी टोपल्यांनी झालेला खड्डा होताच, आता तिथे माणूस बसेल एवढी पोकळी झाली. माझ्या चाकांना ते कळत होते. खांबाजवळून जाताना जमीन भरीव वाजत नव्हती. मी काय करणार? बंडीला करकरण्याखेरीज दुसरी भाषा येत नाही. मी जिवाच्या आकांताने करकरले. रूपरावांनी माझ्या आसाला वंगण घातले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी मी अर्धी भरलेली होते. बैल सोडून पाण्याला नेले होते आणि सगळी माणसे बाभळीखाली शिदोऱ्या सोडून बसली होती, एवढेच त्यांचे नशीब. आधी थोडी माती घसरली. मग डावा खांब सावकाश पुढे झुकला, वरची शिळा सरकली आणि माझ्या डाव्या चाकावर येऊन आदळली. डोमाजीने बसवलेली धाव तुटली. सगळीकडे पांढरी धूळ उडाली. ती खाली बसली तेव्हा माणसेही पोतारलेल्या भिंतींसारखी पांढरीफटक दिसत होती.

देवकाबाईच्या हातातली भाकर तशीच राहिली. "व माय! हे माह्या हातानं काय झालं?" ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. रूपराव माझ्याजवळ आले आणि माझ्या जुवावर हात ठेवून उभे राहिले.

अण्णाजींनी लगेच तोड काढली. "इतकं काई नाई रूपराव, वीज पडली म्हनजो सायबाले. कोन पाह्याले आलं? यादीत पडका दरवाजाबी घेतीन." गुरुजींनी मान खाली घातली, पण नको असे तेही म्हणाले नाहीत.

ठरल्या दिवशी साहेबांची जीप आली. मला गावात ओढून आणून एका बाजूला ठेवले होते, तिथून चावडीपुढचे सगळे दिसत होते. साहेब उतरले आणि थक्क झाले. "वा! इतकं सुंदर गाव मी अलीकडे पाहिलं नाही. आणि दरवाजा कुठे आहे?"

अण्णाजींनी रूपरावांना कोपराने ढोसले. रूपराव पुढे आले. त्यांनी साहेबांचा हात धरला, देवकाबाईच्या घरापाशी नेला आणि भिंतीवर टेकवला.

"हे पाहा जी. डावा खांब याच मातीवर उभा होता." मग त्यांनी शाळेची भिंत दाखवली, चावडी दाखवली. "दरवाजा इथंच हाय, साहेब. तुमी येनार म्हनून आमी तो घराघराले लावला. वीजबिज काई पडली नाई. माह्याच बंडीनं मी तो वाहून आनला."

साहेबांनी किती तरी वेळ भिंतीवरचा हात काढला नाही. काढला तेव्हा तळवा पांढरा झाला होता. तो त्यांनी पुसला नाही. "रूपराव," ते हळूच म्हणाले, "जे उभं नाही, ते मला यादीत घेता येत नाही." आणि जीप निघून गेली.

रस्ता झाला नाही. पाटी लागली नाही. पुढच्या उन्हाळ्यात अण्णाजींच्या ट्रॅक्टरने खांबांचे दगड आणि शिळेचे तुकडे रपट्यासाठी नेले. सहा हत्ती तिथे पालथे निजले आहेत आणि त्यांच्यावरून गावाची गुरे जातात. मात्र त्या दिवसापासून गढीवर कुदळ पडलेली नाही. देवकाबाईने तर आपल्या त्या भिंतीवर पुन्हा कधी हात फिरवला नाही. दिवाळीला शेजारणी चुन्याचा आग्रह करत, तेव्हा ती म्हणे, "दरवाज्यावर चुना कोन लावते व?" आता ती नाही. भिंतही पावसाने निम्मी धुऊन गेली आहे.

आता सत्त्याऐंशी साल चालू आहे. रूपराव थकले, पण नाद सुटला नाही. अजून ते फाट्यावरून एखाद्या पाव्हण्याला पायी घेऊन येतात, भिंतींना हात लावायला सांगतात आणि शेवटी त्याला माझ्यापाशी आणतात. काढा आता ते गोणपाट. होय, हा सातवा हत्ती. शिळा फुटली तेव्हा कडेचा हा तुकडा माझ्याच साट्यात पडला होता. डोमाजी चाक दुरुस्त करायला आला तेव्हा म्हणाला, "पयले हा गोटा उतरव, रूपराव." रूपराव म्हणाले, "तिले रिकामी ठेवू नोको, असं तूच म्हने ना?" तेव्हापासून ना हत्ती उतरला, ना माझे चाक बसले. मला त्याचे वाईट वाटत नाही. इतकी वर्षे मी त्या नगरीला बाहेर काढले, निदान एवढा हत्ती तरी सांभाळून धरता यावा, एवढीच माझी इच्छा आहे.

मित्रांनो, तुमच्याही गावाजवळ एखादे टेकाड असेल, एखादी पडकी भिंत असेल. तिथून टोपले भरताना एकदा वर पाहा, आणि मोठे माणूस काणाडोळा करत असेल तर त्याचा हात ओढा. मला हात नव्हते. आणि जाण्यापूर्वी या हत्तीला डोळे भरून पाहून घ्या. तो पाहायला आता तुम्हाला मान वाकडी करावी लागणार नाही. मीच वाकडी झाले आहे.